भोकाभोवतीचं लोखंड

पॅनेलच्या पायाशी पंखा लावून ठेवला होता. उंच दांड्याचा पेडेस्टल फॅन, कँटीनमधून आणलेला, जाळीवर तेलकट धुळीचा थर. पुण्याजवळच्या एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना, एप्रिलमधली दुपार. सबस्टेशनच्या त्या खोलीत माणसांसाठी पंखा नव्हता, पॅनेलसाठी मात्र होता. "रात्रपाळीला वास येतो, साहेब," मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणाला, "वारा लावला की येत नाही."

वास जळक्या रंगाचा होता आणि त्याच्या मागे किंचित आंबूस असा तापलेल्या पीव्हीसीचा. एकदा घेतलेला तो वास इलेक्ट्रिकलचा माणूस जन्मभर विसरत नाही. मी खाली वाकून टॉर्च मारला. बाहेरच्या १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरपासून ट्रेंचमधून सहा जाड केबल येत होत्या आणि पॅनेलच्या तळाच्या पत्र्यात पाडलेल्या सहा भोकांतून वर शिरत होत्या. न्यूट्रलची सातवी केबल एका बाजूला कोपऱ्यात. पत्र्याचा मूळचा राखाडी रंग भोकांभोवती तपकिरी झाला होता, आणि दोन भोकांच्या मधल्या पट्टीवर तर पापुद्रे सुटले होते. तापमापकाचा लाल ठिपका त्या पट्टीवर धरला. १०४ अंश.

तोवर कारखान्याने बरेच उपाय करून पाहिले होते. कुठे काही गरम झालं की पहिला संशय सैल नटबोल्टवर जातो, आणि दहापैकी आठ वेळा तो खराही निघतो. त्यामुळे सगळे लग टॉर्क रेंचने पुन्हा आवळले होते, दोन लग कापून नवे क्रिम्प केले होते, केबल मेगर केल्या होत्या. इन्सुलेशन ठणठणीत. मग कोणीतरी म्हणालं, अर्थिंग कमी पडत असेल. म्हणून प्लेटला जीआयची आणखी एक पट्टी मारली. वास तसाच. शेवटी पंखा.

इथे दोन शब्द त्या पत्र्याविषयी. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाटच. ते बनवणाऱ्याला साइटवर किती आणि किती जाडीच्या केबल येणार हे बरेचदा माहीत नसतं, म्हणून तो तळाशी किंवा माथ्यावर एक कोरा पत्रा बोल्टने बसवून देतो. हीच ग्लँड प्लेट. साइटवरचा माणूस तिला होलसॉने भोकं पाडतो, प्रत्येक भोकात पितळी ग्लँड बसवतो आणि ग्लँडमधून केबल आत घेतो. केबलचं आर्मर म्हणजे चिलखत घट्ट धरून ठेवणं, ते अर्थला जोडणं आणि फट बुजवणं ही ग्लँडची कामं. फट बुजवण्याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. उघड्या भोकातून उंदीर आत जातो, पाल जाते, आणि बसबारवर आडवी झालेली एक पाल अख्खी पाळी अंधारात घालवू शकते.

म्हणजे लाखो रुपयांचं पॅनेल, त्याहून महागाचा ट्रान्सफॉर्मर, ड्रॉइंगवर चार जणांच्या सह्या. आणि या केबल लोखंडातून कशा न्यायच्या हा निर्णय मात्र शेवटच्या दिवशी ड्रिल धरून उकिडवा बसलेला माणूस घेतो. त्याने सरळ रेषेत, समान अंतरावर, सुबक सहा भोकं पाडली होती. कामात खोट काढायला जागा नव्हती. गडबड त्या सुबकपणातच होती.

या प्रकरणात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की केबलमधला विद्युतप्रवाह त्या पत्र्याला कुठेही शिवत नाही. मध्ये ॲल्युमिनियमचा गाभा, त्यावर एक्सएलपीईचं आवरण, त्यावर आतलं वेष्टन, मग चिलखताच्या तारा, मग बाहेरचं पीव्हीसी. मेगर सांगतो, गळती नाही. तरीही पत्रा तव्यासारखा तापतो.

तिथे एक जुने वायरमन होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी सुपरवायझरला समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी खिशातून टाँग टेस्टर काढला. "हे बघ," ते त्याला म्हणाले, आणि शेजारच्या कॉम्प्रेसरच्या स्टार्टरपाशी गेले. मोटरला जाणाऱ्या तीन वायरींपैकी एकीभोवती टाँगचा जबडा मिटला. आकडा आला १८ अँपिअर. दुसरी, १८. तिसरी, १८. "आता?" म्हणत त्यांनी तिन्ही वायरी एकत्र करून जबड्यात घेतल्या. स्क्रीनवर शून्य. शेवटचा अंक जरा लुकलुकला, एवढंच.

"मोटर चालू आहे ना?" काकांनी विचारलं. मोटर ढणढणत होती.

मग काका पॅनेलपाशी येऊन खाली बसले आणि ग्लँड प्लेटवरच्या एका भोकाभोवती हवेतच बोट फिरवलं. "हा पण टाँगच आहे. फक्त याला स्क्रीन नाही."

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. टाँग टेस्टरचा जबडा लोखंडी असतो. वायरीतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राची कडी तयार होते. ही गोष्ट डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने १८२० साली दाखवली. तारेजवळची होकायंत्राची सुई वळली आणि वीज व चुंबक ही एकाच घरातली भावंडं असल्याचं कळलं. या कडीला वाटेत लोखंड सापडलं की ती हवा सोडून लोखंडात शिरते, कारण तिला तिथला रस्ता शेकडो पटींनी सोपा असतो. जबडा ही कडी गोळा करतो, तिच्या चढउतारावरून जबड्यात दडलेल्या तारेच्या वेटोळ्यात छोटा प्रवाह उमटतो आणि तोच स्क्रीनवर आकडा म्हणून दिसतो. ग्लँड प्लेटमधल्या भोकाभोवतीचं लोखंड ही कडी तितकीच इमानेइतबारे गोळा करतं. पण तिथे मोजणारं वेटोळं नसतं. म्हणून पत्र्याच्या अंगातच प्रवाह उमटतो आणि तिथल्या तिथे गरगर फिरून उष्णता होऊन जातो.

पाण्यातल्या भोवऱ्यासारखा हा प्रवाह कुठून आला, कुठे गेला हे दाखवता येत नाही. तो जागच्या जागी फिरतो. इंग्रजीत त्याला एडी करंट म्हणतात, आपण भोवरा प्रवाह म्हणू. त्याचा शोध एका दिवसात लागला नाही. १८२४ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा अरागोने पाहिलं की तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं चुंबकाला चिकटत नाही, मग सुई फिरते कशी? उत्तर मिळायला मायकेल फॅराडे यावा लागला. १८३१ मध्ये त्याने दाखवलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं तिथे वाहकात वीज उमटते; चकतीत प्रवाह उमटतात आणि तेच सुईला ओढतात. मग १८५५ साली लेआँ फुकोने (लंबकाने पृथ्वीचं फिरणं दाखवणारा तोच हा) चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती जोर लावून फिरवली आणि ती गरम होते हे नोंदवलं. फ्रेंच लोक आजही या प्रवाहांना फुकोचे प्रवाह म्हणतात. आपल्या त्या ग्लँड प्लेटमध्ये फिरत काहीच नाही. पण ५० हर्ट्झची वीज सेकंदाला १०० वेळा दिशा पालटते, म्हणजे क्षेत्र सतत हलतंच आहे. चकती फिरवण्याचं काम महावितरण करतं.

लोखंडाच्या बाबतीत आणखी एक खर्च असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म चुंबकांचे पुंजके असतात आणि सेकंदाला १०० वेळा त्यांना कुशी पालटाव्या लागतात. पालटताना ते एकमेकांना अडतात, त्याचीही उष्णता होते. हा हिस्टेरिसिसचा तोटा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना हा हिशेब लागू नाही. लोखंडाला दोन्ही बिलं भरावी लागतात.

आता आकडे. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४३३ व्होल्टवर पूर्ण भाराला प्रत्येक फेजमधून सुमारे १,३३३ अँपिअर देतो. दर फेजला ६३० चौरस मिलिमीटरच्या दोन केबल, म्हणजे एकीत ६६७ अँपिअर. अशा केबलच्या मध्यापासून पाच सेंटिमीटरवर, म्हणजे भोकाच्या काठापासून जेमतेम दोन बोटं पुढे, हवेत जे क्षेत्र असतं ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ६० पट. ऐकायला मोठं वाटतं, पण हवेत त्याने काहीच बिघडत नाही. त्याच जागी साधं पोलाद ठेवलं की पोलादाच्या आतलं क्षेत्र दीड टेस्लाच्या घरात जातं. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातही साधारण एवढंच क्षेत्र खेळवतात! म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि पॅनेलच्या तळाचा हा बिचारा पत्रा, दोघं जवळपास सारखंच ओझं वाहत असतात. फरक एवढाच की गाभ्याची तयारी त्यासाठी झालेली असते. तो सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांची चळत असतो, प्रत्येक पत्र्यावर अवाहक लेप. भोवऱ्यांना फिरायला जागाच मिळू नये हा त्यामागचा हेतू. जाडी दुप्पट केली की हा तोटा चौपट होतो, म्हणून ते पत्रे पातळ करण्यात कारखान्यांनी आयुष्यं घातली. आणि इथे तीन मिलिमीटरचा अखंड एमएस, म्हणजे साधं पोलाद.

रंगाचे पापुद्रे दोन भोकांच्या मधेच का सुटले? शेजारच्या दोन फेजमधले प्रवाह एकाच वेळी शिखरावर नसतात, त्यांच्यात एका आवर्तनाच्या तिसऱ्या हिश्श्याचं अंतर असतं. दोन भोकांच्या मधल्या पट्टीवर त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारण्याऐवजी बळ देतात. तिथलं क्षेत्र एकट्या केबलच्या १.७३ पट होतं. इथे तर आणखी एक गोष्ट होती. काँट्रॅक्टरने सोयीसाठी एकेका फेजच्या आर-आर, वाय-वाय, बी-बी अशा जोड्या लावल्या होत्या. बसबारवर जोडायला ते सुटसुटीत पडतं. पण शेजारी शेजारी बसलेल्या दोन आर मिळून १,३३३ अँपिअरची एकच केबल असल्यासारख्या वागतात.

काकांच्या टाँगमधल्या शून्यातच उपायही होता. तीन फेजचे प्रवाह कुठल्याही क्षणी बेरजेला शून्य असतात. आरमधून १००० अँपिअर जात असतील तर त्याच क्षणी वाय आणि बीमधून पाचशे-पाचशे परत येत असतात. तिघांना एकाच कड्यात घेतलं तर कड्याला बाहेरून काहीच कळत नाही. भार असमतोल असेल तर उरलेला प्रवाह न्यूट्रलमधून परतत असतो, म्हणून न्यूट्रललाही त्याच कड्यात घ्यायचं. घरातला ईएलसीबी याच हिशेबावर चालतो: फेज आणि न्यूट्रल एका लोखंडी कड्यातून जातात, जाणारं आणि येणारं जुळत असलं की कडं गप्प. कोणाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर वाट चुकले की बेरीज जुळत नाही आणि तो पडतो.

म्हणजे तक्रार लोखंडाबद्दल नाही, भोकाबद्दलही नाही. एकट्या फेजला चारी बाजूंनी कवटाळून बसलेलं लोखंड, ही तक्रार. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या ३००.२० या कलमात हेच आहे: एकेकटी वायर लोखंडातून न्यावीच लागली तर भोकांमधला पत्रा चिरून भोकं जोडा, नाहीतर सगळ्या वायरींना पुरेल एवढ्या मोठ्या अवाहक भिंतीतून त्या न्या. ब्रिटनचं बीएस ७६७१ म्हणतं की लोखंडाने वाहकांना वेढायचंच असेल तर सगळ्यांना मिळून वेढावं.

म्हणूनच लहान भारांना हा प्रश्न कधी पडत नाही. तिथे साडेतीन कोअरची केबल असते. साडेतीन म्हटलं की आपल्याला मुहूर्त आठवतात, शक्तिपीठं आठवतात. वायरमनला केबल आठवते. तीन फेजचे तीन पूर्ण गाभे आणि न्यूट्रलचा साधारण निम्म्या आकाराचा, सगळे एकाच वेष्टनात, एकाच ग्लँडमधून, एकाच भोकातून. पत्रा कितीही लोखंडी असो, त्याला आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. पण ही केबल ४०० चौरस मिलिमीटरची झाली की अजगर होते. पॅनेलच्या अरुंद तळात तिला वळवताना चार माणसांना घाम फुटतो. त्याहून मोठ्या प्रवाहाला सिंगल कोअर घेण्यावाचून इलाज नसतो, आणि फेज वेगळे झाले की त्यांच्याबरोबर हा ताप येतो.

गुरुवारच्या सुटीला शटडाउन मिळालं. परमिट घेतलं, सप्लाय बंद करून कुलूप लावलं, केबल अर्थ केल्या. नवी प्लेट यायला आठवडा होता, म्हणून तात्पुरता इलाज करायचा होता: भोकांमधला पत्रा चिरणे. काकांनी पॅनेलच्या आतल्या बाजूला ओलं फडकं अंथरलं, कारण लोखंडाचा कीस बसबारकडे उडाला तर आजार गेला आणि रोगी दगावला अशी गत व्हायची. मग हॅक्सॉचं नुसतं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळून हातात धरलेलं, पहिल्या भोकातून दुसऱ्याकडे. दुसऱ्यातून तिसऱ्याकडे. दोन पोरं आळीपाळीने. तीन तासांनी सहा भोकं एका चिरेने जोडली गेली. एक चीर कोपऱ्यातल्या न्यूट्रलपर्यंतही नेली. कीस व्हॅक्यूमने उचलला, चिरेत सिलिकॉन भरलं, उंदरांसाठी.

या चिरेने नेमकं काय होतं, हे सुपरवायझरला पटेना. "पत्रा तर तेवढाच राहिला साहेब, दोन-तीन मिलिमीटर गेला फक्त." त्याचं म्हणणं बरोबर होतं. पत्र्याचं वजन घटवण्याशी याचा संबंध नाही. चिरेआधी एकट्या आरला वेढणारी लोखंडाची अखंड वाट होती. आता आरला वेढायला निघालेल्या क्षेत्राला वाटेत चिरेची फट लागते आणि हवेचे ते दोन मिलिमीटर त्याला लोखंडाच्या कित्येक हातांएवढे लांब पडतात. अखंड लोखंडातून जायचं तर सगळ्या सात केबलना वळसा घालावा लागणार, आणि त्या साऱ्यांची बेरीज शून्य. सात भोकांचं एकच भोक झालं होतं, नुसतं वेडंवाकडं.

पत्रा १०४ वरून ६१ वर आला. थंड झाला असं म्हणता येणार नाही. चीर अरुंद, आर-आरच्या जोड्या तशाच, काठाच्या लोखंडाला अजून झळ लागत होती. पण ६१ अंशांवर केबल जगते. एक्सएलपीई गाभ्यापाशी कायम ९० अंश सोसतं. अडचण ही की गाभ्याची स्वतःची उष्णता बाहेर पडायची असते आणि बाहेर तापलेला पत्रा असेल तर ती आतच कोंडते. इन्सुलेशनच्या दुनियेत एक जुना ठोकताळा आहे, तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणूनच या दोषात भडका क्वचितच दिसतो. पंधरा वर्षं टिकणारी केबल चौथ्या वर्षी ग्लँडपाशी कडक होऊन तडकते आणि नाव केबलच्या कंपनीचं जातं.

हा दोष पकडला का जात नाही, तेही यातच आहे. कारखाना सुरू होताना भार असतो पाचवा हिस्सा. तापणं प्रवाहाच्या जवळपास वर्गाच्या हिशेबाने वाढतं, त्यामुळे पाचव्या हिश्श्याच्या भाराला पत्रा कोमटही लागत नाही. मेगर तर डीसी. त्याच्या परीक्षेला हा विषयच नाही. दोन वर्षांनी नवी लाइन येते, भार चढतो, आणि तेव्हा काँट्रॅक्टर बिल घेऊन केव्हाच गेलेला असतो.

रबर लावून किंवा अर्थिंग वाढवून हे का सुटत नाही, ते आता वेगळं सांगायला नको. चुंबकीय क्षेत्र रबराला विचारत नाही, आणि भोवरा पत्र्याच्या अंगातच फिरत असल्याने त्याला अर्थकडे जायचंच नसतं.

नवी प्लेट ॲल्युमिनियमची मागवली, पाच मिलिमीटरची. इथे चौकस वाचक हात वर करेल: ॲल्युमिनियम तर लोखंडापेक्षा चांगलं वाहक, मग त्यात भोवरे जास्तच माजायला हवेत की! शंका अगदी रास्त आहे. पण भोवरा माजायला आधी क्षेत्र हवं, आणि ॲल्युमिनियम ते गोळाच करत नाही. क्षेत्राच्या दृष्टीने ॲल्युमिनियम हवेसारखंच. लोखंडात दीड टेस्ला, तर इथे त्याचा पाचशेवा भाग. जे थोडे प्रवाह उमटतात ते चांगल्या वाहकात फारशी उष्णता न करता वाहून जातात, आणि हिस्टेरिसिसचं बिल नाहीच. घरातल्या इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचं पातेलं का चालत नाही, याचं उत्तरही हेच. शेगडीला लोखंडी बुडाचं भांडं हवं असतं; पॅनेलला नेमकं तेच नको असतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्ट्या याच भोवऱ्यांच्या जोरावर भंगार वितळवतात. तिथे हा देव, इथे भूत.

ॲल्युमिनियमऐवजी स्टेनलेस स्टीलही चालतं, पण ३०४ जातीचं, चुंबकाला न चिकटणारं. नुसतं एसएस म्हणून काहीही उचलून आणू नये. ४३० जातीचं एसएस दिसायला तितकंच चकचकीत असतं आणि चुंबकाला कडाडून चिकटतं. फ्रिजवरचा चुंबक खिशात ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. काहीजण हायलमची किंवा बॅकेलाइटची प्लेट बसवतात. तिच्यात भोवरा फिरणं शक्यच नाही, पण मग ग्लँडचं अर्थिंग प्लेटमधून होत नाही, प्रत्येक ग्लँडला टॅग लावून वेगळी वायर ओढावी लागते. ते काम हमखास राहून जातं. म्हणून माझं मत ॲल्युमिनियमला.

सिंगल कोअर केबलच्या चिलखतातही हाच पेच आहे. एकट्या गाभ्याभोवती पोलादी तारा गुंडाळणं म्हणजे ग्लँड प्लेट केबलच्या लांबीभर घेऊन जाणं. म्हणून भारतीय मानकांप्रमाणे एसीसाठीच्या सिंगल कोअर केबलचं चिलखत चुंबकीय नसलेल्या धातूचं, आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या तारांचं असतं. तरी एक फट राहते. ते चिलखत दोन्ही टोकांना अर्थ केलं की तिन्ही केबलची चिलखतं मिळून एक बंद वेटोळं तयार होतं आणि त्यात प्रवाह फिरत राहतो. तो टाळायचा तर एका टोकाला अर्थ करून दुसरं टोक अवाहक प्लेटवर मोकळं ठेवतात. मग त्या मोकळ्या टोकावर व्होल्टेज उभं राहतं, त्याचा वेगळा हिशेब. त्या वाटेला आज जात नाही.

उलट टोकाचं एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. वीजकेंद्रातला ५०० मेगावॉटचा जनरेटर (चंद्रपूरला असे संच आहेत) साधारण २१ केव्हीला वीज काढतो, तेव्हा एकेका फेजमधून १६ हजार अँपिअर वाहतात. तिथे केबलचं नावच नको. प्रत्येक फेजचा ॲल्युमिनियमचा बसबार स्वतंत्र नळीत असतो, आणि त्या नळ्याही ॲल्युमिनियमच्या, टोकांना एकमेकींना मुद्दाम जोडलेल्या. इथे भोवरा अडवत नाहीत. नळीत त्याला मनसोक्त वाहू देतात. नळीतला प्रवाह आतल्याच्या उलट्या दिशेने जवळपास तेवढाच वाहतो आणि बाहेरचं क्षेत्र जवळजवळ मिटून जातं, त्यामुळे आजूबाजूचं लोखंडी बांधकाम सुरक्षित राहतं. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनाही हे मुरलेलं असतं: मोठ्या प्रवाहाचे बुशिंग टाकीतून जिथे बाहेर येतात, तिथे ते टाकीच्या पोलादात स्टेनलेसचा तुकडा घालतात. मग ट्रान्सफॉर्मरपासून दहा मीटरवर पॅनेलपाशी येईस्तोवर हे सगळं शहाणपण कुठे सांडतं, कळत नाही.

दुसऱ्या गुरुवारी नवी प्लेट बसली. केबलची मांडणीही बदलली: आर-वाय-बी असे तिघांचे त्रिकोणी जुडगे, दोन वेळा. बसबारकडे वर जोडताना तारेवरची कसरत झाली, काँट्रॅक्टरच्या सोयीचं मोल तेव्हा कळलं. संध्याकाळी भार चढवला आणि तासाभराने तापमान घेतलं. प्लेट शांत. पण एका ग्लँडपाशी ७८ अंश! पितळी ग्लँड चकचकीत असल्यामुळे तापमापक आधी तिथे गंडत होता. चकचकीत धातू आपली उष्णता नीट दाखवत नाही, तो शेजारच्या भिंतीचं तापमान आरशासारखं परत पाठवतो. म्हणून काळी टेप चिकटवून पुन्हा मोजलं होतं. काका आरसा आणि टॉर्च घेऊन आडवे झाले. थोड्या वेळाने हसू ऐकू आलं.

"चेक नट एमएसचा घातलाय."

ग्लँड प्लेटला आवळणाऱ्या पितळी चेक नटांपैकी एक हरवला होता आणि पोराने डब्यातला त्याच मापाचा लोखंडी बसवला होता. प्लेट बदलली, मांडणी बदलली, आणि एका केबलभोवती बोटभर रुंदीचं लोखंडी कडं तेवढं राहून गेलं. त्याने इमानेइतबारे टाँगचं काम सुरू केलं होतं. पुढच्या आठवड्यात पितळी नट आला.

मे महिन्यात मी परत गेलो तेव्हा खोलीचं तापमान ३८ होतं, पॅनेलवर ११०० अँपिअरचा भार, प्लेट ४५ अंशांवर. चिरलेली जुनी प्लेट भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तपकिरी कडी तशीच. पेडेस्टल फॅन मात्र अजून पॅनेलवर वारा घालत उभा होता. कँटीनवाला दारातून डोकावून सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, झालं असेल तर पंखा नेऊ का? तिकडं पोळ्या लाटणाऱ्या बायका ओरडायल्यात."